पत्र्यापलीकडची टकटक

थोरल्या मिस्त्रीकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक गाडीतून उतरता उतरता एकच वाक्य बोलायचं, "आवाज येतोय हो कसला तरी." मग थोरला फडक्याला हात पुसायचा, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर उचलायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मिनिटाभराने डोळे उघडून तो सांगायचा, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग," नाहीतर "तीन नंबरचा टॅपेट," आणि उघडून पाहिलं की नेमकं तेच निघायचं. तीस वर्षं असं चाललं. बाकीचे गॅरेजवाले डोकं चालेनासं झालं की गाडी त्याच्याकडे पाठवायचे, आणि पाठवताना दातओठ खायचे. कारण थोरला आवाज शोधून द्यायचा खरा, पण त्याआधी चार शब्द ऐकवायचा. "कुणी हात लावला होता याला? हात होते की फावडी?" हे तो सगळ्या रस्त्याला कळेल अशा बेताने विचारायचा.

माणूस मोठा गुणी आणि तेवढाच खडूस. दोन्ही गोष्टी बापाकडून आलेल्या. बापाने मरताना ही शेड ठेवली, तो स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि एक नियम ठेवला: थंड इंजिन ऐकायचं नाही. थंड असताना कुठलंही इंजिन कुरकुरतं. दहा मिनिटं चालू द्यायचं, तेल वर चढू द्यायचं, लोखंड तापू द्यायचं, आणि मग जो आवाज उरेल तोच खरा धरायचा. थोरल्याने हा नियम आयुष्यभर पाळला. गाडी आली की ती चालू ठेवायची, गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं, हात धुवायचे, कालचा पेपर चाळायचा आणि दहा मिनिटं झाली की मगच उठायचं. या नियमाने शेवटी त्याला तोंडघशी पाडलं, पण ते पुढे येईल.

शेडच्या मधोमध एक पत्रा उभा होता. पुरुषभर उंच, खाली वीतभर फट ठेवलेला, लोखंडी पट्ट्यांना खिळवलेला. पत्र्याच्या अलीकडे थोरला, पलीकडे त्याचा धाकटा भाऊ. पलीकडचा खोकला अलीकडे यायचा, अलीकडच्या शिव्या पलीकडे जायच्या, आणि गेल्या नऊ वर्षांत दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. कधी एखादा नट घरंगळत फटीतून पलीकडे गेला तर तो पायाने परत ढकलला जायचा. तेवढीच काय ती देवाणघेवाण.

धाकट्याला काम थोरल्यानेच शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या कानाला लावायची, "काय ऐकू येतंय?" विचारायचं आणि उत्तर चुकलं की मानेवर एक चापट द्यायची. धाकटा पस्तिशीचा झाला, लग्न झालं, मूल झालं, चापट चालूच. मग एक दिवस एक टॅक्सी आली. धाकट्याने ऐकलं आणि म्हणाला, "दादा, हा खालून येतोय. क्रँकचं बेअरिंग गेलंय." थोरल्याने ऐकलं आणि म्हणाला, "टॅपेट आहे." धाकटा म्हणाला, "एकदा परत ऐक." बस्स, एवढंच म्हणाला. थोरल्याने सहा माणसांसमोर, टॅक्सीवाल्यासमोर, समोरच्या शिंप्यासमोर त्याला सांगितलं, "तुला कान नाहीत. डोक्याला दोन भोकं आहेत नुसती. त्यात काड्या घालून बस."

टॅपेट सेट झाले, टॅक्सी गेली. तिसऱ्या दिवशी भर हमरस्त्यात तिचं इंजिन जाम झालं, ते बेअरिंगनेच. टॅक्सीवाला भांडायला आला तेव्हा थोरल्याने "तेल बघत नाहीस आणि मिस्त्रीला दोष देतोस" म्हणून सगळं त्याच्याच गळ्यात मारलं. धाकटा तिथेच पाना हातात धरून उभा होता. त्याला दुसरं काही नको होतं, एक वाक्य हवं होतं. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात पत्रा उभा राहिला.

तेव्हापासून धाकट्याकडे संगणकाचं मशीन होतं. ते गाडीला जोडलं की पडद्यावर बिघाड यायचा. थोरला गिऱ्हाइकांना सांगायचा, "पलीकडे टीव्ही लावलाय. बघायचा असेल तर जा."

आता घड्याळाची गोष्ट सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी थोरल्याचं मनगटी घड्याळ बंद पडलं. सवयीने तो ते कानाला लावायचा. त्या दिवशी लावलं तर आत सामसूम. तो तणतणत घड्याळजीकडे गेला. "आत्ताच तर सेल टाकलास. काय भंगार टाकलंस?" घड्याळजीने घड्याळ घेतलं, कानाला लावलं आणि परत दिलं. "चालू आहे की. काटा फिरतोय, बघा." थोरल्याने पाहिलं. सेकंदकाटा उड्या मारत फिरत होता. त्याने परत कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. काही नाही. घड्याळजी त्याच्या तोंडाकडे बघत होता, म्हणून थोरला म्हणाला, "हां, चालू आहे," आणि तिथून निघाला. घरी न जाता तो नदीच्या पुलापर्यंत चालत गेला आणि परत आला. त्याला भीती वाटली होती, आणि भीतीची त्याला सवय नव्हती.

तीस वर्षं एअरगन, ग्राइंडर, हातोडा आणि पत्रे. बारीक, टोकदार आवाज सगळ्यांत आधी गेले. इंजिनाची घरघर यायची, बेअरिंगची खरखर मुठीतून हाडात उतरायची, माणसांचं बोलणं यायचं. पण टॅपेटची टकटक गेली, गाडीच्या सिग्नलची टिकटिक गेली, दाराची घंटा गेली. बायकोच्या लक्षात आलं नाही. पंचवीस वर्षं तो तिचं ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. आता खरंच ऐकू येत नव्हतं, तर फरक कळणार कसा?

धंद्यात त्याने युक्ती काढली. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ऐकायला लागला. कपाळाला आठी कधी पडते, मान कुठल्या बाजूला झुकते. टॅपेटचं काम तर बोटांनीच व्हायचं. झडपा उघडणाऱ्या दांड्यांत कागदाएवढी फट हवी. पातळ पट्टी घालून ती मोजायची, कमीजास्त असेल तर स्क्रू फिरवायचा. बोटं अजून शाबूत होती. दोन वर्षं निभावलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मात्र तो आतून धास्तावलेला असायचा, आणि धास्तावला की दुप्पट खेकसायचा. "पूर्वी नुसते खडूस होतात, आता चावायला लागलात," असं बायको म्हणायची.

बुधवारी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, दिवसभर शिकाऊ माणसांवर ओरडून आवाज पत्र्यासारखा झालेला. त्यांची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. गाडी घेऊन येण्याची ही तिसरी खेप होती.

"मिस्त्री, टकटक तशीच आहे."

"टॅपेट परवाच सेट केलेत."

"मग परवापासून सेट केलेली टकटक आहे म्हणा."

"जुनं इंजिन आहे बाई. थोडं बोलणारच."

"थोडं? मी शाळेच्या भिंतीला धरून गाडी चालवायला लावते. शिकाऊ माणूस क्लच सोडतो, भिंतीवरून टकटकटकटक अंगावर येतं, तो घाबरून पाय परत दाबतो. गाडी माझी, पाय त्याचा, आणि टकटक तुमची. आत्ता चालू आहे ना इंजिन? मग ऐका की!"

थोरल्याने मान तिरकी केली. इंजिनाची घरघर, पंख्याचं घोंघावणं. टकटक नाही. बाईंच्या तोंडाकडे पाहिलं तर त्यांचे डोळे त्याच्याच तोंडावर रोखलेले. त्याने ओठ आवळून जाणत्यासारखी मान हलवली. "तापू दे दहा मिनिटं. थंड इंजिन मी ऐकत नाही."

"तुम्ही काय ऐकता नि काय नाही, मला देणंघेणं नाही. शनिवारी दहाला माझ्या सात जणांची परीक्षा आहे. परीक्षक याच गाडीत बसणार. त्याला नुसतं काही खट्ट झालं तरी तो गाडी परत पाठवतो आणि सातही जण पुन्हा दोन महिने लटकतात. शनिवारी नऊला येते. टकटक राहिली तर गाडी तशीच पत्र्यापलीकडे नेईन, आणि दारोदार सांगेन की मिस्त्रींचे कान गेले."

रागाच्या भरात बोलल्या त्या. पण त्यांनी हवेत फेकलेला दगड नेमका त्याच्या कपाळावर बसला होता. बाई गेल्या. तो पत्र्याला हात टेकवून उभा राहिला. इंजिन चालूच होतं.

आणि पत्रा त्याच्या तळव्याखाली थरथरला.

टक. टक. टक. टक. पलीकडून कुणीतरी पाना पत्र्यावर आपटत होतं. थोरल्याला वाटलं, धाकटा काहीतरी ठोकतोय. पण ठोके फार एकसारखे होते. त्याने वाकून बॉनेटखालची तार ओढली, इंजिनाचा वेग वाढवला. ठोके भरभर पडायला लागले. तार सोडली, ठोके मंदावले.

मग त्याला कळलं. धाकट्याने बाईंचं बोलणं ऐकलं होतं, टकटकही ऐकली होती आणि आता तो ती टकटक पत्र्यावर वाजवून दाखवत होता. तुला आवाज सापडत नाही ना? मला बसल्या जागी ऐकू येतोय बघ. भोकांतून.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने हातोडा उचलला. पत्र्यावर असा हाणायचा की पलीकडचे दात हलले पाहिजेत, एवढं ठरवून त्याने हात वर नेला, आणि ठोके थांबले. तो तसाच वाट पाहत राहिला. पत्रा थंडगार. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. इंजिन चालू करून आठ मिनिटं झाली होती.

थकला असेल, असं म्हणून त्याने इंजिन बंद केलं. दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन आली आणि तिच्यासमोर त्याने ते परत चालू केलं. तोवर ते गार पडलं होतं. तळवा पत्र्यावर ठेवला. टक. टक. टक.

"हे काय करताय? पत्र्याला टेकू देताय?" बायकोने विचारलं.

"गप्प बस जरा."

"तो पलीकडे वाजवतोय काय? लहान आहे का तो आता? आणि तुम्ही ऐकत काय बसलाय? जेवा."

"म्हटलं ना, गप्प बस!"

ती डबा आपटून निघून गेली. तिच्याशी असं बोलायला नको होतं, हे त्याला कळत होतं. पण हात काढायची हिंमत नव्हती. आठ मिनिटं झाली, ठोके विरळ झाले आणि थांबले. सकाळसारखेच.

थोरला तेलाच्या डब्यावर बसला. धाकटा थकला म्हणावं, तर नऊ वर्षं राग धरताना न थकलेला माणूस आठ मिनिटांत कसा थकेल? दुसऱ्याला डिवचायला मिळत असताना हातचं सोडणाऱ्यांतलं ते घराणंच नव्हतं. धाकटा थांबत होता, कारण आवाज थांबत होता. इंजिन थंड असताना टकटक, तापलं की गायब.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. याआधी दोन वेळा त्याने ही गाडी दहा मिनिटं तापवून, मग स्क्रूड्रायव्हर लावून ऐकली होती. काही ऐकू आलं नाही. प्रत्येक वेळी त्याने मनाशी म्हटलं, आपले कान गेलेत, आवाज असणारच. म्हणून निमूटपणे टॅपेट उघडायचा, पट्टी घालायचा, ठीकच असलेली फट परत ठीक करायचा. खरं म्हणजे तापल्यावर आवाज नव्हताच. तिथे धडधाकट कानांनाही काही ऐकू आलं नसतं. बाईंना एक प्रश्न विचारला असता, "आवाज आत्ता येतोय का? आणि आता?" तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे ऐकू येत नाही हे सांगायचं. इथेच घोडं पेंड खात होतं.

गुरुवारी सकाळी गाडी रात्रभर गार पडलेली. थोरल्याने बापाचा नियम बाजूला ठेवला. इंजिन चालू केलं आणि ओला तळवा इंजिनाच्या मागच्या अंगाला फिरवत नेला, जिथे चारही सिलिंडरांचा जळका वायू ओतीव लोखंडाच्या चार फाट्यांतून सायलेन्सरकडे जातो. लोखंड तापायच्या आत काय ते एक मिनिट मिळतं. पहिला फाटा, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. चौथ्यापाशी तळव्यावर काहीतरी फुंकलं. फूस. फूस. फूस. पलीकडून पत्रा वाजत होता आणि त्याच ठेक्यावर हातावर फुंकर बसत होती. त्याने दोन्ही डोळे मिटले. दोन वर्षांनी त्याला टकटक मिळाली होती, हातात.

बॅटरीचा झोत मारून पाहिलं. फाटा इंजिनाला जिथे बसतो तिथे, सांध्यात दाबलेल्या गॅस्केटच्या पट्टीच्या कडेला, काजळीची काळी जीभ उमटली होती, आणि शेवटच्या बोल्टचं डोकं तुटून गायब. थंड असताना तिथे बारीक फट राहायची आणि प्रत्येक धक्क्याला वायू टक करून निसटायचा. तापलं की लोखंड फुगून फट मिटायची. त्याचे ओठ हलले. कुणी असतं तर शिवी दिली म्हणालं असतं, पण तो हसला होता.

गुरुवार आणि शुक्रवार त्यातच गेले. तुटलेला बोल्ट आत मोडून बसला होता. त्याच्या टोकावर नट वेल्ड करायचा, लाल असतानाच पाना लावायचा, पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे. दोनदा नट सुटून आला. तिसऱ्यांदा बोल्ट करकरत हलला. ती करकर त्याला मनगटात कळली. मग फाटा काढला, दोन्ही तोंडं घासून आरशासारखी केली, नवी गॅस्केट, नवे बोल्ट, मधून कडेला दोन फेऱ्यांत आवळले. असं काम त्या रस्त्यावर दुसरा कुणी करत नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. पलीकडे दोन दिवस शांतता होती. पत्र्याखालच्या फटीतून धाकट्याचे बूट दिसायचे, अधूनमधून अगदी पत्र्याला लागून उभे.

शनिवारी आठला थोरल्याने गार इंजिन चालू केलं. ओला तळवा चौथ्या फाट्यापाशी नेला. काही नाही. फुंकर नाही, काजळी नाही. त्याने मोठा श्वास सोडला आणि दुसरा हात पत्र्यावर ठेवला. सहजच, खात्रीला.

टक. टक. टक.

त्याने वेग वाढवला, ठोके वाढले. कमी केला, कमी झाले. परत तळवा फाट्यावर, काही नाही. एकेक बोल्ट तपासला, सगळे घट्ट. आठ मिनिटं झाली, दहा झाली, ठोके थांबेनात. पंधरा. म्हणजे तापल्यावरही आवाज आहे. म्हणजे सुरुवातीपासून टॅपेटच होते? म्हणजे बाई खऱ्या, आणि आपण दोन दिवस भलतीकडेच खणत बसलो? स्क्रूड्रायव्हर लावला, जबड्याला लावला, दातांत धरला. नुसती घरघर. त्याने इंजिन बंद करून टॅपेटचं झाकण उघडलं. तापलेल्या तेलाने बोटं पोळली. आठही फटी मोजल्या. केसाचाही फरक नव्हता. झाकण लावलं, चालू केलं. टक. टक. टक. पावणेनऊ झाले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने पाना घेतला आणि काल जीव ओतून आवळलेल्या फाट्याच्या पहिल्या बोल्टला लावला. आता हेच परत उघडायचं, दुसरं काही सुचत नव्हतं.

"राहू दे, दादा."

नऊ वर्षांनी आलेला आवाज वरून आला होता. पलीकडे कशावर तरी चढून धाकटा पत्र्यावरून बघत होता. हातात पाना.

"गाडीत काही आवाज नाही. गेला तो. आज एकदम गप्प आहे इंजिन." त्याने पाना पत्र्याच्या कडेवर दोनदा आपटला. "मी उगाच वाजवत होतो. म्हटलं, बघू तुला फरक कळतो का."

थोरल्याने पाना बोल्टवरून काढून घेतला.

"बुधवारी बाई ओरडत होत्या तेव्हा टकटक इथवर येत होती आणि तू म्हणालास, जुनं इंजिन आहे, थोडं बोलणारच. तेव्हाच शंका आली मला. किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," थोरला म्हणाला.

"दोन वर्षं लोकांच्या गाड्यांना कान लावून नाटक करतोस. आणि भोकं मला होती."

धाकटा हसत नव्हता. हसला असता तर बरं, असं थोरल्याला वाटलं. एवढा राग त्याने त्या तोंडावर कधी पाहिला नव्हता; पत्र्याच्या नऊ वर्षांत तोंडच पाहिलं नव्हतं. रस्त्यावर पावलं वाजली, म्हणजे धाकट्याने मान वळवली म्हणून थोरल्याला कळलं. बाई आल्या होत्या, नऊला पाच कमी असताना.

धाकटा वरून म्हणाला, "या बाई, या. तुम्हाला एक गंमत सांगायची आहे."

थोरल्याने पाना खाली ठेवला. आयुष्यात अनेकदा त्याने दुसऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं होतं. ते कसं असतं हे आता त्याच्यापर्यंत चालत येत होतं. दुसऱ्याच्या तोंडून येऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्याच्या हातात उरलं होतं.

"बाई, मी सांगतो," तो म्हणाला. "तुमच्या गाडीची टकटक मला ऐकू येत नव्हती. पहिल्यांदाही नाही, तिसऱ्यांदाही नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. मागचा बोल्ट तुटला होता, म्हणून इंजिन थंड असताना वाजायचं. तो बदलला, गॅस्केट बदलली. इंजिन चालू आहे. तुम्ही ऐका आणि मला सांगा, आवाज येतोय का."

बाईंचं तोंड उघडं राहिलं. ओरडायची तयारी करून आलेल्या माणसाला ओरडायला काही शिल्लक राहिलं नाही की होतं तसं. त्या बॉनेटवर वाकल्या. इंजिन बंद करायला लावलं, पाणी टाकून गार करायला लावणार होत्या, पण "बाई, तसं करू नका, इंजिन फुटेल," असं थोरला आणि पत्र्यावरून धाकटा दोघेही एकदम म्हणाले. मग त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेच्या भिंतीला लावून पुढेमागे नेली, काच खाली करून.

"गेला आवाज," त्या परत येऊन म्हणाल्या. "आणि थंड असताना?"

"थंड असतानाही नव्हता," धाकटा म्हणाला. "मी ऐकलंय." नाइलाज असल्यासारखं म्हणाला, पण म्हणाला.

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मिस्त्री, हे पहिल्या दिवशी बोलला असतात तर मी तुमच्या शेजारी बसून सांगितलं असतं की कधी येतो नि कधी जातो. दिवसभर दुसरं काय करते मी?" आणि सात जणांच्या परीक्षेला गाडी घेऊन निघून गेल्या.

शेडमध्ये दोघे उरले. समोरचा शिंपी मशीनवरून मान वर काढून बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत रस्त्याला कळणार होतं. धाकटा अजून पत्र्यावर हात टेकून उभा होता. त्याचं हत्यार त्याच्या हातातून निसटलं होतं आणि त्याला पुढे काय करावं ते कळत नव्हतं. तो खाली उतरायला वळला.

"त्या टॅक्सीचं बेअरिंगच होतं," थोरला म्हणाला.

धाकटा थांबला. पाठमोराच.

"काय म्हणालास?"

"टॅक्सीचं. तू म्हणालास ते बरोबर होतं. बेअरिंगच गेलं होतं."

"मोठ्याने बोल. इकडे ऐकू येत नाही."

थोरल्याला कळलं की हा खोटं बोलतोय. पत्र्यापलीकडून टकटक ऐकणाऱ्या माणसाला हे ऐकू आलं नव्हतं असं होणार नव्हतं. त्याच्या जिभेवर शिवी आली. ती त्याने गिळली आणि शिंप्याच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "टॅक्सीचं बेअरिंग गेलं होतं! हा बरोबर बोलला होता! मी चुकलो होतो!"

शिंप्याने मशीन थांबवलं.

"आणखी मोठ्याने," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

थोरल्याने परत सांगितलं. मग आणखी एकदा, न सांगता. घड्याळाची टिकटिक आणि टॅपेटची टकटक त्याच्या कानांतून गेली होती, पण ही वाक्यं मात्र तिन्ही वेळा त्याला अक्षर न् अक्षर ऐकू आली.